ट्रेसचा सातबारा

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये एका लांब टेबलावर २०० बोर्ड मांडलेले होते. असेंब्लीतल्या दोन ताई डोळ्याला भिंग लावून एकेका बोर्डावर ब्लेडने तांबं कापत होत्या. एका चिपच्या एका पायाभोवती केसाएवढ्या चार पट्ट्या. त्या कापायच्या, पाय ग्राउंडपासून मोकळा करायचा आणि तिथून शंटच्या पॅडपर्यंत एनॅमलची बारीक तार सोल्डर करायची. एका बोर्डाला आठ-दहा मिनिटं. असे दोन दिवस गेले. मी बाजूला उभा राहून झालेले बोर्ड मीटरवर तपासत होतो, कारण चूक माझी होती.

चूक माझी होती हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं भांडण मोकळेपणाने करता येईल. त्या चुकीला एक साथीदार होता: ज्यात बोर्ड काढला ते सॉफ्टवेअर. त्याचं नाव सांगणार नाही. कारण दोष त्या एका कंपनीचा नाही, विचार करण्याच्या एका पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी सापडते. माझं म्हणणं एवढंच आहे: तांब्याची रेघ कुठल्या नेटची, हे एकदा माणसाने ठरवलं की सॉफ्टवेअरने ते गुपचूप बदलू नये.

हे ऐकायला फारच बारीकसं वाटेल. पण तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या आतल्या बोर्डावर अशा रेघांचं दाट जाळं आहे. तुमच्या गाडीच्या, चार्जरच्या, घरातल्या वीजमीटरच्या आतही आहे. प्रत्येक रेघ कोणाची, हे कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ते कोण लिहितं आणि कोण खोडतं, हा प्रश्न बारीक नाही.

आधी चार शब्द

ज्यांनी कधी बोर्ड काढलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्किट बोर्डाची दोन चित्रं असतात. पहिलं स्किमॅटिक. कुठला पाय कुठल्या पायाला जोडायचा एवढंच ते सांगतं. त्यात लांबी नसते, जाडी नसते. एकमेकांना जोडलेल्या पायांचा जो गट, त्याला नेट म्हणायचं. प्रत्येक नेटला नाव असतं: जीएनडी, रिसेट, बॅटरी-प्लस असं काहीतरी.

दुसरं चित्र लेआउट, म्हणजे प्रत्यक्ष बोर्डावर तांबं कुठे राहणार. पाय जिथे सोल्डर होतो तो पॅड. पॅडपासून पॅडपर्यंत जाणारी तांब्याची रेघ म्हणजे ट्रेस. एका थरातून दुसऱ्या थरात उतरणारं, आतून तांब्याने मढवलेलं भोक म्हणजे व्हिया. आणि उरलेली मोकळी जागा एकाच नेटच्या, बहुतेक वेळा ग्राउंडच्या, तांब्याने भरून टाकली की तो पोअर.

पोअर पाण्यासारखा पसरतो. वाटेत आपल्या नेटचं काही भेटलं की त्याला जाऊन मिळतो, परक्या नेटचं भेटलं की ठरलेलं अंतर राखून वळसा घालतो. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला एकाच गोष्टीवरून कळतं: त्या ट्रेसवर कुठल्या नेटचं नाव लिहिलंय.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

एका ठिपक्याची गोष्ट

आमचा बोर्ड माल वाहणाऱ्या तीनचाकी ई-रिक्षाच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा होता. बॅटरीतून किती करंट जातोय हे मोजायला त्यात १ मिलिओहमचा शंट होता. शंट म्हणजे अगदी कमी रोधाचा, नेमका माहीत असलेला रेझिस्टर. त्यातून २० अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांमध्ये २० मिलिव्होल्ट उभे राहतात. ते २० मिलिव्होल्ट मोजले की करंट कळला.

आता तांब्याचा हिशेब करू. बोर्डावरचं नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. त्या तांब्याच्या एका चौरसाचा, एका बाजूकडून समोरच्या बाजूकडे जाताना, रोध साधारण अर्धा मिलिओहम येतो. चौरस १ मिलिमीटरचा असो की १ सेंटिमीटरचा, उत्तर तेच. म्हणजे शंटपर्यंत पोचायच्या आधी करंटच्या वाटेतला तांब्याचा अर्धा चौरस जरी मोजणीत शिरला, तरी १ मिलिओहमच्या जागी सव्वा मिलिओहम मोजला जातो. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे चूक तर आहेच, आणि ती उन्हासारखी चढत-उतरतही राहते.

म्हणून मोजणीच्या दोन बारीक ट्रेस थेट शंटच्या पॅडवरूनच निघायला हव्यात आणि चिपपर्यंत जाईतो वाटेत कुठेही जाड तांब्याला टेकता कामा नयेत. याला केल्विन जोडणी म्हणतात. वीजशास्त्रातली ही जुनी आणि साधी युक्ती आहे.

मी शंट चार पॅडचा घेतला होता. दोन रुंद पॅड करंटसाठी, दोन चिंचोळे मोजणीसाठी. ग्राउंडच्या बाजूच्या मोजणीच्या पॅडला स्किमॅटिकमध्ये वेगळं नेट दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘सेन्स’. लेआउटमध्ये ती ट्रेस शंटपासून चिपपर्यंत, सुमारे ४० मिलिमीटर, हाताने नेली. दोन्ही बाजूंना ग्राउंडचा पोअर होता, पण नावं वेगळी, म्हणून पोअर अंतर राखून होता. सगळं जसं हवं तसं.

फाइल फॅबला पाठवायच्या आदल्या रात्री मी स्किमॅटिक नीटनेटकं दिसावं म्हणून आवरत बसलो. एक ठोकळा उचलून बाजूला सरकवला. सेन्सच्या तारेचं टोक ग्राउंडच्या तारेवर जाऊन टेकलं आणि तिथे एक छोटा ठिपका उमटला. ठिपका म्हणजे जोड. दोन नेटचं एक नेट झालं. स्किमॅटिकच्या तपासणीने तसा इशारा दिला होता. पण त्या यादीत निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेले ४० इशारे आधीच साचले होते. हा एकेचाळिसावा. मी पाहिला नाही. एवढी चूक माझी, पूर्ण माझी.

आता सॉफ्टवेअरने काय केलं ते बघा. मी ‘स्किमॅटिकवरून बोर्ड अपडेट करा’ दाबलं. बदलांची साठ-सत्तर ओळींची यादी समोर आली. त्यात दोन ओळी अशा होत्या की अमुक पॅडचं नेट सेन्सवरून जीएनडी झालं. ट्रेसबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी ट्रेसला स्वतःचं म्हणणं नसतंच. पॅड ज्या नेटचा, त्याला टेकलेली ट्रेस त्या नेटची. माझी ४० मिलिमीटरची ट्रेस एका क्षणात जीएनडी झाली. पोअर पुन्हा भरला गेला तेव्हा त्याला ती आपली वाटली, आणि तो तिच्यावरून पसरला. चिपचा पाय चार पट्ट्यांनी ग्राउंडला बांधला गेला.

मग मी डीआरसी चालवलं. डीआरसी म्हणजे बोर्ड नियमांत बसतो की नाही याची तपासणी. शून्य चुका. बरोबरच होतं ते. स्किमॅटिक म्हणतंय एक नेट, बोर्डही म्हणतोय एक नेट. तक्रार करायला कोणी उरलंच नव्हतं.

फॅबमध्ये प्रत्येक बोर्डाची विजेची चाचणी होते. कुठे जोड तुटलाय का, कुठे नको तिथे जुळलंय का, हे सुया टेकवून बघतात. पण ती चाचणी ज्या नेटलिस्टशी ताडून होते ती त्याच सॉफ्टवेअरमधून निघालेली असते. बदललेल्या नोंदीशी बदललेला बोर्ड ताडला, तर पास होणारच. २०० पैकी २०० पास.

चूक सापडली ती रस्त्यावर. करंट ३० अँपिअरच्या वर गेला की बोर्डाने बॅटरी तोडायची होती. तो २५ वरच तोडत होता. क्लॅम्प मीटर लावला तर खरे २० अँपिअर जाताना आमचा बोर्ड २४ सांगत होता. चाचणीची रिक्षा माल भरून चढावर लागली की मधेच बंद पडायची, मागे गाड्या, ड्रायव्हर हँडब्रेक ओढून शिव्या घालतोय. आमचं नशीब एवढंच की चूक जास्तीकडे होती. चूक कमीकडे असती, तर जो बोर्ड जास्त करंट तोडायला बसवलाय तो जास्त करंट आनंदाने जाऊ देत राहिला असता. लिथियमच्या बॅटरीच्या बाबतीत त्याचा शेवट काय होतो ते सांगायला नको.

ब्लेड चालवता चालवता एका ताईंनी मला विचारलं, “हे त्या कॉम्प्युटरला कळलं नाही का रे?” मी “नाही” म्हणालो. घरी जाताना लक्षात आलं की मी खोटं बोललो. त्याला कळलं होतं. सेन्सची ट्रेस जीएनडी झाली हे त्याला माहीत होतं, कारण ते त्यानेच केलं होतं.

एकच साक्षीदार, तोही फोडलेला

सॉफ्टवेअर यायच्या आधी बोर्डाची आखणी पारदर्शक फिल्मवर काळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवून करत. दुप्पट किंवा चौपट आकारात आखायचं आणि मग फोटो काढून लहान करायचं. टेपला नेट माहीत नसे. मग तपासायचे कसे? आमच्याकडे अधूनमधून येणारे एक सत्तरीचे सर सांगतात: दोन माणसं बसायची. एकजण स्किमॅटिकवरची तार वाचायचा, दुसरा फिल्मवर बोट फिरवायचा. जुळलं की दोन्हीकडे रंगीत पेन्सिलने रेघ. शेवटी एकाही कागदावर न रंगवलेलं काही उरलं, तर ती चूक.

कंटाळवाणं काम, मान्य. पण त्या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. दोन कागद एकमेकांपासून स्वतंत्र होते. स्किमॅटिकवर कोणी रात्री चुकून ठिपका दिला म्हणून फिल्मवरची टेप आपोआप सरकत नव्हती. ती होती तिथेच राहायची आणि सकाळी तपासताना म्हणायची, माझं तर काही वेगळंच आहे.

माझी ४० मिलिमीटरची ट्रेस अशीच साक्षीदार होती. सेन्स हे ग्राउंडपेक्षा वेगळं आहे, हे माझ्या डोक्यात होतं तेव्हा मी ती काढली. ती ज्या वाटेने गेली, पोअरपासून जेवढी दूर राहिली, त्यात माझा हेतू उतरला होता. स्किमॅटिकमध्ये चूक झाल्यावर तो हेतू माहीत असलेली जगात एकच नोंद उरली होती, ती म्हणजे त्या ट्रेसवरचं नाव. सॉफ्टवेअरने तपासणीच्या आधी तेच नाव खोडलं. मग तपासणी कशाची केली?

इथेच माझी मुख्य तक्रार आहे. तपासणं आणि जुळवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन हिशेबवह्या ताडणाऱ्या माणसाने फरक दिसला की तो सांगायचा असतो. एका वहीतला आकडा खोडून दुसरीतला लिहायचा आणि मग “सगळं जुळतंय साहेब” म्हणायचं, याला आपण तपासणी म्हणत नाही.

दोन पंथ

ट्रेसला नेट कसं द्यावं याबद्दल सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये ढोबळ दोन पंथ आहेत.

पहिला म्हणतो, ट्रेस म्हणजे नुसतं तांबं. तिला नेट नसतं. कोण कोणाला टेकलंय हे भूमितीवरून काढा आणि नेटलिस्टशी ताडून बघा. जीईडीए या मुक्त संचातलं जुनं पीसीबी सॉफ्टवेअर असं चालायचं. यात प्रामाणिकपणा आहे. तांबं टेकलं की टेकलं, नावाच्या चिठ्ठ्या नाहीत. गंमत म्हणजे त्यात रेघेने पोअरला मिळायचं की अंतर राखायचं हेही रेघेवरच नोंदलेलं असायचं. माझी ट्रेस तिथे कदाचित वाचली असती. पण हा पंथ मुख्यतः झाल्यावर सांगतो. रेघेला स्वतःचं नाव नसलं की ती काढताना कोणी हात धरत नाही.

दुसरा पंथ आज सगळीकडे आहे. ट्रेस पॅडवरून सुरू झाली की पॅडचं नेट घेते आणि ते नाव फाइलमध्ये तिच्याजवळ लिहिलं जातं. कायकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात वापरलं असेल. १९९२ साली फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं आणि पुढे जिनिव्हाच्या सर्नने त्यात बरंच काम केलं. त्याचा ट्रेस ओढणारा राउटर परक्या नेटच्या ट्रेस बाजूला ढकलत वाट काढतो. हे जमतं ते प्रत्येक ट्रेसला नाव आहे म्हणूनच. माझा या पंथाला विरोध नाही. उलट, नाव लिहिता ना, मग ते शाईने लिहा, एवढंच म्हणणं आहे. आज ते पेन्सिलने लिहिलं जातं आणि खोडरबर पॅडच्या हातात असतो.

ही मागणी अशक्य नाही, याचा पुरावा कायकॅडमध्येच आहे. तिथे पूर्वी पोअरमध्ये नुसते व्हिया टाकायची पंचाईत होती. कुठल्याही ट्रेसला न टेकलेला सुटा व्हिया आपलं नेट गमावून बसायचा. लोक त्यावर नाना युक्त्या लढवायचे. २०१८ च्या आवृत्ती ५ मध्ये ही अडचण सुटली आणि २०२१ च्या अखेरीस आलेल्या आवृत्ती ६ मध्ये व्हियाच्या गुणधर्मांत एक चौकट आली: नेट आपोआप बदलावं की नाही. टिक काढली की तो व्हिया म्हणतो, माझं नेट हेच, शेजारी कोणीही येवो. एका भोकाला मिळालेला हा हक्क रेघेला का नको?

“पण” म्हणणाऱ्यांसाठी

हे सगळं मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी तीन आक्षेप घेतले. तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: स्किमॅटिक हेच खरं. सत्य एकाच जागी असावं, दोन ठिकाणी ठेवलं की घोळ होतो. तुझं स्किमॅटिक चुकलं, सॉफ्टवेअरने ते इमानदारीने पाळलं.

माझं उत्तर असं की स्किमॅटिकला सगळं सत्य माहीत नसतं. दोन नेट एका ठिकाणी, आणि फक्त त्याच ठिकाणी, टेकावीत असं सांगायची स्किमॅटिकला सहज सोय नाही. अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड एकाच बिंदूत जोडायचे असतील, किंवा दोन पॅडच्या साध्या शंटवर केल्विन जोडणी करायची असेल, तर नेट-टाय नावाचा एक खोटा भाग ठेवावा लागतो. दुकानात मिळत नाही, सोल्डर होत नाही, नुसता तांब्याचा तुकडा, पण चित्रात तो भाग म्हणून मिरवतो, म्हणजे सॉफ्टवेअर शॉर्ट म्हणून ओरडत नाही. कायकॅडने २०२३ च्या आवृत्ती ७ मध्ये हे प्रकरण जरा सभ्य केलं. कुठले पॅड एकमेकांना टेकलेले चालतील हे आता फुटप्रिंटमध्येच नोंदवता येतं. पण अशी सोंगं लागतात याचाच अर्थ असा की विजेच्या दृष्टीने एक असलेलं तांबं डिझाइनच्या दृष्टीने दोन असू शकतं. हा फरक स्किमॅटिकपेक्षा ट्रेसला जास्त कळतो. मग तिचं म्हणणं आधी ऐका.

दुसरा आक्षेप: प्रत्येक बदलाला विचारत बसलं तर माणूस वैतागेल आणि न वाचता ‘होय’ दाबेल. तुझे ४० इशारे तू वाचलेस का?

नाही वाचले. म्हणूनच मी प्रत्येक बदलाला विचारा असं म्हणत नाही. नेटचं नुसतं नाव बदललं, पण त्यातले पॅड तेच राहिले, तर खुशाल गुपचूप बदला. स्वतःहून दिलेली नावं सुट्या भागाच्या क्रमांकावरून बनतात, आर१ चा आर७ झाला की नाव बदलतं. त्यात विचारण्यासारखं काही नाही. पण दोन नेटचं एक झालं, किंवा एकाची दोन झाली, आणि त्यावर आधीच काढलेलं तांबं आहे, तर थांबा. या दोन प्रकारांतला फरक ओळखायला मोठी अक्कल लागत नाही. जुन्या नेटच्या पॅडची यादी आणि नव्या नेटच्या पॅडची यादी ताडली की झालं. माझ्या त्या रात्रीच्या साठ-सत्तर ओळींतून असा प्रश्न किती वेळा आला असता? एकदा. फक्त एकदा.

तिसरा आक्षेप सगळ्यात अनुभवी लोकांचा: चांगला डिझायनर फाइल पाठवायच्या आधी प्रत्येक थर डोळ्यांनी बघतो.

बघतो. मीही बघितले. चार थर, रात्रीचा एक वाजलेला, आणि ग्राउंडच्या पोअरमध्ये विरघळलेली एक ट्रेस. हिरव्यात हिरवं. जे पुसलं गेलंय ते डोळ्यांना कसं दिसणार? आणि डोळ्यांवरच सोडायचं असेल तर मग टेपच्या पट्ट्या काय वाईट होत्या? निदान दोन माणसं तरी बसायची.

सातबारा आणि फेरफार

मग व्हायला काय हवं? नमुना आपल्या गावातच आहे.

जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. पण सातबाऱ्यावरचं नाव आभाळातून पडत नाही. ते बदलायचं तर आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद होते: कोणाचं नाव जाणार, कोणाचं येणार, कशामुळे. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला मुदत मिळते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो, म्हणजे उद्या कोणालाही मागे जाऊन बघता येतं की हे नाव इथे कसं आलं. प्रत्यक्षात काय काय चालतं ते तुम्हाला-मला माहीत आहे. पण रचना शहाणपणाची आहे. नाव बदलू शकतं, गुपचूप नाही.

आजच्या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये ट्रेसचा सातबारा आहे, फेरफाराची वही नाही. ती वही मागतोय मी. नेमकं सांगायचं तर चार गोष्टी.

एक, जन्माची नोंद. ट्रेस ज्या पॅडवरून सुरू झाली त्याचं नेट तिने घ्यावं, आजच्यासारखंच, आणि हे नेट कुठून आलं तेही फाइलमध्ये राहावं. मोकळ्या जागेत काढलेल्या ट्रेसला नेट देऊ नये. ती बेवारस म्हणून वेगळ्या रंगात दिसावी आणि कोणी हाताने नेट देईपर्यंत तशीच राहावी. चुकून एखाद्या पॅडला घासली म्हणून तिथली होऊ नये.

दोन, बदलाची नोटीस. नेट एकत्र झाली किंवा फुटली तर पॅडच्या याद्या दाखवून भागणार नाही. बोर्डावर ते तांबं उजळून दाखवा. ही ट्रेस, इतक्या मिलिमीटरची, काल सेन्स होती, आज जीएनडी होणार आहे. बदलू की ठेवू? उत्तर मिळेपर्यंत पोअरने तिला हात लावायचा नाही.

तीन, कुलूप. व्हियाला मिळालेली चौकट ट्रेसलाही द्या. ज्या ट्रेसवर मी कुलूप लावलं तिचं नेट स्किमॅटिकनेही बदलू नये. तिथे विसंगती आली तर ती डीआरसीमध्ये चूक म्हणून दिसू द्या. मला शून्य चुकांचा बोर्ड नकोय, मला खरं बोलणारा बोर्ड हवाय.

चार, भांडण झाकू नका. एकाच तांब्याच्या तुकड्याला दोन वेगळ्या नेटचे पॅड टेकले तर कुठला पॅड आधी सापडला त्यावरून निकाल लावू नका. दोन्ही नावं त्या तुकड्यावर लिहा आणि लाल करा. निकाल माणूस लावेल.

यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही. नाव आधीच साठवलं जातं, त्याच्याजवळ आणखी एक ओळ साठवायची आहे. तुमच्या फोनच्या कीबोर्डवर तुम्ही एक शब्द लिहिता, तो दुसराच करून टाकतो, पण निदान बॅकस्पेस दाबला की जुना परत मिळतो. ४० पैशांच्या निरोपाला जी सवलत आहे ती लाखभराच्या बॅटरीला नसावी?

हे आत्ताच का

कारण यापुढे ट्रेस माणूस कमी काढणार आहे. स्वतः रेघा ओढणारी, स्वतः भाग मांडणारी साधनं दिवसेंदिवस पुढे येतायत. तुम्ही आज कॉलेजात असाल तर तुमच्या कामाचा मोठा भाग रेघ काढण्यापेक्षा काढलेली रेघ पारखण्याचा असेल. पारखायला हेतू माहीत हवा, आणि हेतू कुठेतरी लिहिलेला हवा. ज्या फाइलमध्ये तो आपोआप पुसला जातो, त्या फाइलवर शिकलेलं कुठलंही यंत्र तेच शिकेल: विसंगती दिसली की सांगू नको, मिटवून टाक.

तोवर मी काय करतो ते सांगतो, उपयोगी पडेल. इशाऱ्यांची यादी शून्यावर आणल्याशिवाय पुढे जात नाही, निरुपद्रवी असले तरी. बोर्ड अपडेट करण्याआधी फाइलची प्रत ठेवतो आणि नंतर दोन्हींतली नेटची संख्या ताडतो. एक नेट कमी झालं तर कुठलं, हे कळेपर्यंत झोपायला जात नाही. मोजणीच्या ट्रेसभोवती पोअरला बंदी असलेली चौकट आखतो, म्हणजे उद्या ती जीएनडी झाली तरी पोअर तिथे शिरणार नाही. हे तिन्ही उपाय म्हणजे सॉफ्टवेअरने करायचं काम मी हाताने करतोय.

मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल तर सुधारणेची मागणी कोणीही नोंदवू शकतं, तुम्हीही. विकतचं वापरत असाल तर पैसे भरता, त्यामुळे विचारायचा हक्क आणखी आहे. फार काही मागायचं नाही. माझ्या रेघेचं नाव बदलायचं असेल तर मला आधी विचारा, एवढंच.

त्या २०० मधला एक बोर्ड मी दुरुस्त करू दिला नाही. ट्रेस पोअरमध्ये बुडालेली, तशीच आहे. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी तो त्याच्या हातात देतो आणि सांगतो, यात चूक शोध. अजून कोणालाही सापडलेली नाही.